नांग्या भरणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडमना रिकामा बाक सहन व्हायचा नाही. कुणाला पाल दिसली की अंगावर काटा येतो, कुणाला रक्त बघवत नाही, तसं त्यांचं रिकाम्या बाकाचं होतं. जुलैत नवं वर्ष सुरू झालं की त्या पहिल्या दिवशी हजेरी घ्यायच्या, प्रवेश घेऊनही न आलेल्या पोरांच्या नावावर बोट ठेवायच्या आणि खडू परत डब्यात टाकायच्या. सगळे आल्याशिवाय पहिला धडा नाही. विद्यापीठाच्या संगणक विभागात हा नियम त्यांनी आणला आणि प्रमुख होत्या तोवर तो मोडू दिला नाही.

आता तुम्ही म्हणाल, असं कुठं असतं का? आमचे डीन साहेबही तेच म्हणायचे. एकदा ते वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, बाकीच्या विभागांचा एकेक धडा होत आला. आपलं वेळापत्रक?" मॅडम वर्धा जिल्ह्यातल्या, आर्वीकडच्या. घरी कापूस. वर्गात पुस्तकी मराठी आणि इंग्रजी बोलायच्या, पण कुणी डिवचलं की आर्वी बाहेर यायची. म्हणाल्या, "साहेब, कपाशी लावल्यावर जिथं बी उगवलं नाई तिथं आमच्याकडं पुन्हा दाणे टोचतात. नांग्या भरणं म्हणतात त्याले. ते केल्याबिगर कोणी खत टाकते का? मी नांग्या भरून राह्यली." डीन साहेब नागपुरात वाढलेले. त्यांना कपाशीतलं काही कळलं नसावं, पण मान हलवून निघून गेले. त्या दिवसापासून पोरांनी त्यांचं नाव नांग्यावाल्या मॅडम ठेवलं. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

मग हे वाट बघण्याचे दिवस काय नुसते बसून काढायचे? छे! पोरांना रिकामं बसवणं म्हणजे तर त्याहून मोठं पाप. आल्या दिवशी त्या सगळ्यांना कामाला लावायच्या. जुन्या संगणकांचे डबे उघडा, ब्रशनं धूळ काढा, भिंतीवरून वायरी ओढा, वायरीच्या टोकांना कनेक्टर बसवा. भौतिकशास्त्रवाल्यांनी उपकार केल्यासारखी दिलेली एक खोली, एवढाच आमचा विभाग होता एके काळी. पुढं दुसरी प्रयोगशाळा मिळाली, मग अख्खा मजला, आता स्वतःची इमारत. यातल्या पहिल्या मजल्यापर्यंतची प्रत्येक वायर कुठल्या ना कुठल्या नव्या बॅचनं पहिल्या आठवड्यात ओढलेली आहे. एखाद्या ठिकाणी नेट बंद पडलं की आम्ही आजही "ही कोणत्या बॅचची करामत?" असंच विचारतो. कंपनीत मोठ्या पगारावर असलेली माजी पोरं भेटायला येतात तेव्हा आधी छताकडं बघतात. आपली वायर शोधतात आणि बायकोला दाखवतात.

इकडं पोरं वायरी ओढायची आणि मॅडम एसटीनं गावोगावी जायच्या. न आलेल्याला फोन करणं त्यांना पटायचं नाही. "फोनवर बाप 'बघतो' म्हणते. घरी गेलं की चहा मांडते," असं त्यांचं म्हणणं. त्या शिकण्याचं महत्त्व वगैरे सांगत बसायच्या नाहीत. चहा प्यायच्या, पिकाची चौकशी करायच्या, मग सरळ बापाला म्हणायच्या, "पोरीले पाठवू नका. तुम्हीच चाला माह्यासोबत, हॉस्टेलची खोली पाहा, पलंग पाहा, जेवण करून पाहा. नाई आवडलं तं वापस या." आणि बापाला घेऊनच त्या एसटीत बसायच्या. पोरगी आपोआप मागून यायची. एकदा हॉस्टेलमध्ये वरणात हात घातलेला बाप परत पोरीला घेऊन गेला, असं मी तरी ऐकलेलं नाही.

आता माझं सांगते. मी आंजीची. आमचं भाजीचं वावर. मी बारावी सायन्सला चांगली पास झाले होते, पण पुढचा फॉर्मच भरला नव्हता. घरात कुणी नको म्हणालं होतं असंही नाही. फॉर्म कुठं भरायचा, कोण घेऊन जाणार, आज जाऊ उद्या जाऊ करता करता तारखा निघून गेल्या. मी मुकाट्यानं बाबांबरोबर सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायला लागले. रडले नाही, पण सांभाराचा वास त्या वर्षी मला नकोसा झाला होता, हे खरं.

एका सकाळी बांधावरून एक बाई येताना दिसल्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, पायांत स्पोर्टचे बूट. आल्या त्या थेट माझ्यापुढं उभ्या राहिल्या. "प्रणाली ढगे तूच ना? वर्ग थांबलाय तुझ्यासाठी. काऊन नाई आली वं?"

मी बाबांकडं पाहिलं, बाबांनी माझ्याकडं. आमच्या बारावीच्या सरांचा माझ्यावर जीव होता. त्यांनीच परस्पर फॉर्म भरला असणार, असं आम्हा दोघांनाही वाटलं. बाबांनी हात धुतले. मॅडमना चहा झाला, टमाटरांची चौकशी झाली आणि दुपारच्या एसटीनं आम्ही तिघं वर्ध्याला निघालो. निघताना शेजारपाजारच्या बाया जमल्या होत्या. आईनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. अख्ख्या आळीला कळलं की ढग्यांची प्रणाली कॉम्प्युटरला चालली.

विभागाच्या ऑफिसात माझी मार्कशीट बघून क्लार्कनं मान वर केली. "मॅडम, वडिलांचं नाव वेगळं आहे. आईचंही. ही ती नव्हे."

झालं होतं असं की आमच्या गावात ढग्यांची घरं भरपूर आणि प्रणाल्या दोन. मॅडमनी एसटी स्टँडवर विचारलं, लोकांनी जवळचं वावर दाखवलं. दरवर्षी बापाचं नाव विचारून मगच पायरी चढणाऱ्या मॅडम त्या दिवशी नेमक्या विचारायला विसरल्या. क्लार्कनं त्या दुसऱ्या प्रणालीच्या घरी फोन लावला. ती नर्सिंगला नागपूरला गेली होती, वसतिगृहात राहायलाही लागली होती.

मला फक्त एवढंच दिसत होतं की संध्याकाळच्या गाडीनं आता परत आंजीला उतरायचं आणि त्याच आळीतून घरी जायचं. बाबा माझी पिशवी हातात घेऊन भिंतीला टेकले. क्लार्क म्हणाला, "चुकीची मुलगी आणली मॅडम तुम्ही."

मॅडम ताडकन म्हणाल्या, "चूक माही आहे. पोरगी चुकीची नाई."

मग त्या माझ्याकडं वळल्या. काही लपवलं नाही. ती जागा आता रिकामी होणार, रिकाम्या जागांची शेवटची फेरी व्हायची आहे, तिथं मी अर्ज करू शकते, आणखीही मुलं अर्ज करतील, गुणांनी ज्याचा नंबर लागेल त्याची जागा. "मी कोणाचा हक्क मारून तुले बसवणार नाई. नंबर लागला तं लागला. नाई लागला तं मी स्वतः तुले घरी पोचवून देईन, आन् बाकी सगळ्यांना सांगीन का चूक माही होती. चालते?"

मी म्हटलं, चालते. दुसरं काय म्हणणार होते?

यादी लागेपर्यंत मी वर्ध्याला लागूनच असलेल्या सिंदी मेघेला आत्याकडं राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा निरोप आला, "नाव नाई तं नाई, हात हायेत ना? वायरी ओढायले येजो." गेले. वर्गात माझं नाव नव्हतं, पण मी छतातून वायर ओढत होते आणि खालून पोरं ओरडत होती, "अजून, अजून, थांब!" माझ्यासाठी, म्हणजे त्या रिकाम्या जागेसाठी, अख्खा वर्ग थांबलेला होता. मनात सारखं यायचं, देवा, ही वायर मी ओढलीय, हिच्या टोकाला मला बसू दे.

यादी लागली. त्या जागेवर माझा नंबर लागला. मॅडमनी नव्यानं हजेरी घेतली आणि माझं नाव घेताना माझ्या बाबांचं नावही खणखणीत उच्चारलं. मी "हजर" म्हटलं तेव्हा सगळा वर्ग टाळ्या वाजवत उठला. त्यात माझं कौतुक किती आणि धडा एकदाचा सुरू होणार याचा आनंद किती, ते विचारू नका. मॅडमनी डब्यातून खडू काढला.

त्यानंतर मॅडम आयुष्यात कुणाच्या बापाचं नाव विचारायला विसरल्या नाहीत. कॅन्टीनमध्ये चहा मागितला तरी पोऱ्याला "कोणाचा रे तू?" विचारायच्या. पाहुणे आले की मला पुढं करून सांगायच्या, "ही आमची चुकून आणलेली. आता इथंच शिकवते." आधी मला संकोच वाटायचा. पुढं मीच स्वतःची ओळख तशी करून द्यायला लागले. आज उघड सांगते, विभागातल्या कुठल्याही पदवीपेक्षा मला ती ओळख जास्त मिरवावीशी वाटते.

मॅडम गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात त्यांनी भाषण केलं नाही. नव्या इमारतीच्या जिन्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "एवढ्या जागा झाल्या, आता नांग्याबी तेवढ्याच पडतील. सांभाळा." आणि आर्वीच्या गाडीनं घरी गेल्या.

या जुलैत पहिल्या वर्षाची जबाबदारी माझ्याकडं आली. वर्ग एवढा मोठा की मागच्या पोरांचे चेहरे नीट दिसत नाहीत. हजेरी घेतली. पहिले काही दिवस धावपळ केली, एकेक करत सगळे आले, एक बाक तेवढा राहिला. साक्षी राऊत, गाव आर्वीच्या पुढं. आमचे नवे विभागप्रमुख तरुण आहेत, हुशार आहेत. म्हणाले, "एका मुलीसाठी इतक्यांना किती दिवस थांबवणार? सुरू करा, ती व्हिडिओ बघेल." त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. मी खडू हातात घेतलासुद्धा.

तेवढ्यात मॅडमचा फोन. ना कशी आहेस, ना काही. "सगळे आले का?"

"एक राह्यली मॅडम."

"मंग फोनवर काय करून राह्यली?"

खडू डब्यात टाकला. पोरांना वायरी दिल्या, नव्या मजल्याचं काम बाकीच होतं. विभागप्रमुखांना सांगितलं की उद्यापर्यंत थांबा, आणि स्पोर्टचे बूट घालून एसटीत बसले.

गावात उतरले तेव्हा स्टँडवरच्या पानठेल्यावर एक म्हातारबुवा बसले होते. त्यांना विचारलं, साक्षी राऊतचं घर कुठं? त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कोणती साक्षी पायजे बाई? गावात दोन हायेत. दोघी बारावी पास."

वडिलांचं पूर्ण नाव माझ्या फोनमध्ये होतं. मॅडमच्या धाकानं ते मी कधीच विसरत नाही. फोन बाहेर काढला, आणि पुन्हा पर्समध्ये ठेवून दिला.

"दोघींचीही घरं दाखवा, बाबाजी," मी म्हटलं.