टिकल्या लावलेला पडदा

मला अक्षर येत नाही, आकडे तेवढे येतात. तरी फरीदाबादच्या एका फॅक्टरीत मी स्टोअरच्या कॉम्प्युटरवर बसायचो. हसा बिनधास्त, मीही हसतो.

आधी हिरव्या अक्षरांचा जुना पडदा होता. दोस्ताने एकदा दाखवलं, इथे मालाचा नंबर, इथे नग. मी बायकोच्या टिकल्या काचेवर चिकटवल्या. लुकलुकणारी रेघ लाल टिकलीवर आली की नंबर, हिरवीवर आली की नग. कुणी विचारलं तर म्हणायचो, "बायको की याद आती है यार."

मग जुने पडदे गेले, नवे पीसी आले. त्यातला प्रोग्रॅम जुन्या पडद्याचं सोंग घ्यायचा, पण अर्धवट. आतल्या खोलीतली मोठी मशीन, जिच्यात सगळा हिशेब असायचा, ती हुकूम द्यायची, रेघ अमक्या ओळीत, अमक्या घरात ने. याला निम्मे हुकूम कळायचेच नाहीत. न कळलेले तो कंस आणि आकडे करून पडद्यावरच छापायचा, आणि सगळा फॉर्म खाली घसरायचा.

आणि मी शहाणा! टिकल्या जुन्या काचेवरून काढून नव्या काचेवर मोजून तिथेच लावल्या. रेघ हिरवीवर आली, मी नग भरले. ते घर होतं मालाच्या नंबरचं. सगळा हिशेब फिरला. गोदामात बेअरिंगचा ढीग, कॉम्प्युटर म्हणतो संपली. काम थांबलं.

दिल्लीहून इंजिनिअर आला, सेटिंग बदललं. "चाचा, ब्रैकेट गए. कभी-कभी एक लाइन नीचे दिखेगा, पढ़ के भर लो."

बाकीच्यांना चाललं. माझी नोकरी त्या एका ओळीत अडकली.

आमचे साहेब मराठीच. मागे येऊन उभे राहिले. "अहो, काय लिहिलंय तिथे? वाचा बरं."

"साहेब, चष्मा घरी राहिला."

त्यांनी स्वतःचा काढून दिला. मी घातला.

"आता?"

"आता मोठं दिसतंय, साहेब."

"काय मोठं दिसतंय?"

"जे आहे ते."

कुणीच हसलं नाही. एवढा जोक वाया गेला.

संध्याकाळी साहेबांनी बदलीचा कागद पुढे केला. उद्यापासून ट्रक भरायला. या वयात, या कमरेने. मी कागदाकडे बघत राहिलो. साहेबांनी जिथे सही करायची तिथे बोट ठेवलं.