दोरीचा तराफा आणि कलम नऊ

बेरेंडकाकांच्या वाढदिवसाला खुर्च्या नेहमीसारख्या गोल मांडल्या होत्या. येणारा प्रत्येक जण काकांनाच नव्हे, तर गोलात बसलेल्या सगळ्यांना काकांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा देत पुढे सरकत होता. मिनाकाकूने कॉफी दिली, एकेक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं. त्या घरात दुसरं बिस्किट कोणाला मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं, अगदी पाद्रीबाबांनाही नाही.

"या, हेगच्या बाईसाहेब," काका पुतणीला म्हणाले. "तुमचं सरकार आमचा तराफा बंद करतंय. एक तारखेपासून."

ही पुतणी म्हणजे आलेइडा रुलविंक, गेल्याच महिन्यात हेगच्या संसदेत खासदार झालेली. नदीवरचा तो तराफा काकांनी स्वतः बांधलेला. त्याला नावाडी नाही. ज्याला पलीकडे जायचंय त्याने चढावं, दोन्ही काठांना बांधलेला दोर ओढावा आणि उतरावं. नवा नियम मात्र सांगत होता की माणसं नेणाऱ्या प्रत्येक नावेवर परवानाधारक नावाडी हवा.

"परवाना द्यायचा कोणाला, दोराला?" शेजारचा हार्मेन म्हणाला.

"दोर ओढेल तो नावाडी. म्हणजे माझ्या शेळीलासुद्धा परीक्षेला बसवा," काका म्हणाले.

सगळे हसले, पण काकू हसली नाही. "चर्चच्या गायनातले खालच्या पट्टीत गाणारे सगळे पुरुष पलीकडच्या काठाला राहतात," ती म्हणाली. "पुलावरून यायचं तर सायकलने तासभर लागतो. कोण येणार? आम्ही बायकाच चिरकत बसू."

आलेइडा याच तराफ्यावरून शाळेत गेली होती. पुढे ती ग्रोनिंगनला कायदा शिकली आणि हेगच्या मंत्रालयात चिकटली. तिथे तिचं काम मोठं मजेशीर होतं. सभागृहात मंत्री बोलत असताना ती मागच्या खोलीत बसायची. कोणी अवघड प्रश्न विचारला की ती उत्तराची चिठ्ठी खरडायची, शिपाई ती धावत नेऊन द्यायचा आणि मंत्री स्वतःलाच सुचल्यासारखं वाचून दाखवायचे. अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या तोंडून बोलल्यावर तिला एकदा स्वतःच्या तोंडाने बोलून पाहावंसं वाटलं. पक्षाने तिचं नाव उमेदवारांच्या यादीत पार तळाला टाकलं होतं. ती निवडून आली तेव्हा सगळ्यात जास्त दचकली ती स्वतःच.

"मी बोलते," ती काकांना म्हणाली.

"बोलशील गं. पण ते ऐकतील का?" काका म्हणाले.

खासदाराचं पहिलं भाषण कोणी मध्येच तोडत नाही आणि ते संपल्यावर सगळे रांगेने हात मिळवायला येतात, अशी तिथली रीत आहे. आलेइडाने शेळीची परीक्षा सांगितली आणि सभागृह खदखदून हसलं. हात मिळवून झाले. शेवटी तिने विचारलेला प्रश्न तेवढा उरला: अशा तराफ्यांना मंत्री सूट देऊ शकतात का? याचं उत्तर तिला पाठ होतं. तो कायदा तिच्याच टेबलावर तयार झाला होता आणि सूट देण्याचं कलम तिने भांडून घालून घेतलं होतं.

मंत्री स्मालब्रुख उत्तर द्यायला उठले. कागद उलटे केले, सुलटे केले, मागच्या दाराकडे पाहिलं. तिथून काहीच येईना. मागच्या खोलीत आता नवी मंडळी होती.

"अध्यक्ष महोदया, याचं उत्तर मी... लेखी कळवीन," ते चाचरले.

लेखी उत्तर म्हणजे एक तारीख उलटणार, हे आलेइडाला चांगलं ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिच्या मनात तारीखही नव्हती आणि तराफाही नव्हता. मंत्री अडकलेत एवढंच तिला दिसलं आणि हात आपोआप चालू लागला. तिने चिठ्ठी खरडली, शिपायाला खूण केली. शिपायालाही वर्षानुवर्षांची सवय. तो धावला.

मंत्र्यांचा जीव भांड्यात पडला. ते अक्षर पाहिलं की वाचायचं, हे त्यांच्याही अंगवळणी पडलेलं.

"होय," ते खणखणीत आवाजात वाचू लागले. "कलम नऊनुसार दोराच्या तराफ्यांना सूट देता येते. ती या महिन्यातच देतो असं सांगा..."

'सांगा'पाशी ते थांबले. चिठ्ठी उलटून पाहिली. मग मान वर करून समोरच्या बाकांकडे पाहिलं. आलेइडा कानांपर्यंत लाल झाली होती.

आधी मंत्रीच हसले आणि मग सगळं सभागृह. अध्यक्षबाईंनी डोळे पुसत जाहीर केलं, "मंत्र्यांनी दिलेल्या आश्वासनाची नोंद घेतली आहे."

नंतर कॉफीच्या यंत्रापाशी मंत्र्यांनी तिला गाठलं. "तुम्ही गेल्यापासून इतकं सरळ उत्तर मला कोणी दिलं नव्हतं," ते म्हणाले. "आता दिलेला शब्द पाळावाच लागेल."

सूट महिना संपायच्या आत आली. त्या रविवारी आलेइडा पलीकडच्या काठाला उतरली आणि खालच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषांबरोबर स्वतः दोर ओढत आली. गडी भर नदीतच गायला लागले होते. काका काठावर उभे होते.

"मुद्दाम केलंस ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही हो काका. चिठ्ठी गेल्यावर आठवलं, आपण आता कुठे बसतो ते."

काका पोट धरून हसले. घरी सगळे गोल बसले. मिनाकाकूने कॉफी दिली, एकेक बिस्किट दिलं. मग ती आलेइडासमोर येऊन थांबली, तिच्या मांडीवर डबा ठेवला आणि झाकण घेऊन स्वयंपाकघरात निघून गेली.