फेल विहिरींचं गाव

पाथर्डीकडल्या त्या गावात विहीर फेल जाणं नेहमीचंच. निदान सगळे तसं सांगत. सांगायला काय जातं! एकाहत्तर साली गोरक्षनं अर्धी विहीर खोदली, खाली काळा पाषाण लागला आणि गड्याचा धीर सुटला.

"धा इहिरीतल्या नऊ फेल जात्यात," तो म्हणाला. "दसरा झाला की श्रीरामपूरकडं ऊस तोडायला जाऊ."

त्याची बायको छबूबाई चरकली. तिची धाकटी लेक ऊसतोडीवरच, पाचटाच्या खोपीत जन्मली होती. पुन्हा ती खोप तिला नको होती. पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हे.

"कोन नऊ? नावं सांगा की."

गोरक्षनं पुंजारामचं नाव घेतलं आणि पुढं अडखळला.

सकाळी विरजणाचं निमित्त काढून ती पुंजारामच्या वस्तीवर गेली. तर त्या फेल विहिरीच्या कडेला वांगी लटकलेली, आणि त्याची बायको पुष्पावती खुशाल पोहरा ओढतेय! छबूबाईला बघून ती ओशाळली.

"अगं, पानी लागलं म्हनलं की दृष्ट लागती, आन् दीर वाटा मागाया येतो. म्हून समदेच फेल म्हनत्यात. कुनाची ठरल्यापरीस खोल गेली, कुनाला पिन्यापुरतंच लागलं, तीबी फेलच. खरी कोरडी एकट्या श्रीमंतभावजींची, ती तर त्यांनी अर्ध्यातच सोडली."

छबूबाईला हसावं की कपाळ बडवावं कळेना. अख्खं गाव थापा मारून पाणी पीत होतं, आणि तिचा भोळा सांब तेवढा खरं मानून कोयत्यांना धार लावत होता.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. गोरक्षला पटेना. "मग तुमी कोयतं घासत बसा, मी उतरते," म्हणून तिनं पदर खोचला. मग काय, तोही निमूट उतरला. दसऱ्याच्या आधीच पाषाणाच्या फटीतून पाणी आलं. छबूबाई आनंदानं ढसाढसा रडली.

सासू मनकर्णा हळूच म्हणाली, "फेल गेली म्हनून सांग हं."

"न्हाई आत्याबाई. असल्या खोट्यापायीच घर सोडून निघालो हुतो आपन."

आणि गिरणीवर दळण ठेवता ठेवता तिनं चार बायांत सांगून टाकलं, लागलं म्हणून. दोघी-तिघी एकमेकींकडं बघून हसल्या.

संध्याकाळी श्रीमंत दारात आला. ऊसतोडीसाठी बांधलेल्या बिऱ्हाडाच्या गाठी त्यानं सोडून ठेवल्या होत्या.

"वैनी," तो म्हणाला, "उद्यापासनं गोरक्षदादाला माज्या अर्ध्या इहिरीवर सावडीला धाडता का? फिरून मीबी तुमच्या कामाला यीन."