पुढं थोरल्यांची गाडी

ट्रकमागं ‘हॉर्न प्लीज’ वाचलं की मला पन्नास वर्षांपूर्वीचा आष्ट्याचा रस्ता आठवतो. लग्नाला तीनच महिने झालेले, हे सुट्टी संपवून पलटणीत निघालेले, आम्ही सगळे बैलगाडीत आणि पुढं सासऱ्यांच्या थोरल्या भावाची उसानं भरलेली गाडी. थोरल्यांची गाडी विचारल्याशिवाय मागं टाकायची नाही, ही आमच्याकडची रीत, आणि दोघा भावांचं तर दोन वर्षं बोलणं बंद! एसटीची वेळ झाली तसे मामंजी शेवटी ओरडले, “आवं दादा, पोराची एसटी चुकंल, वाट द्या की!” “आरं, मग मगाशीच बोलायचं न्हाई व्हय?” म्हणत त्यांनी बैलं डावीकडं मातीत घेतली. मला रडूच फुटलं. भाऊ बोलले म्हणून सून रडली, असं सगळ्यांना वाटलं. एसटी चुकू दे म्हणून मी देवाला विनवत होते, हे आज सांगते.