पुढच्या दाताचं सिमेंट
लालबागच्या मसाला गल्लीत लवंग भाजल्याचा वास आला, की परळचा तो दातांचा दवाखाना आठवतो. नांदेडकडे, गावी मुलगी बघायला जायचं म्हणून मी दात पांढरे करून घ्यायला गेलो होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज नाही. आधी पुढच्या दातात भरलेलं हे जुनं सिमेंट बघू." माझ्या आधीच्या साहेबांचे लगेच केले, मग माझेच का नाही? सातवीत शाळा सोडलेला बघून टोलवतायत, असं वाटलं. "नवरदेवाला घाई दिसतेय," म्हणत त्यांनी बारीक आकडी दातावरून फिरवली. ती सिमेंटच्या कडेला अडकली, मलाही कळलं. "इथून दात पांढरे करायचं औषध आत झिरपलं असतं, तर मुलीसमोर गाल धरून बसला असता." सिमेंट बदलून मी पिवळ्याच दातांनी मुलगी बघायला गेलो. बायको अजून म्हणते, "तोंडच उघडेनात, मला वाटलं पुढचे दात नाहीतच." तेव्हा मी हसतो, आणि जीभ आपोआप ती कड चाचपून येते.