साठच्या कॅसेटवरची नऊ गाणी

बुधवार पेठेत तेव्हा एक दुकान होतं. तिथे कोरी कॅसेट नेऊन दिली की हवी ती इंग्रजी गाणी भरून मिळायची. हे कायदेशीर आहे का, असं कोणी विचारत नसे. विचारलं असतं तर दुकानदाराने चष्म्यावरून एकदा बघितलं असतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली असती.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी आणि माझा मित्र त्या दुकानातून एका विलायती बँडचा अल्बम भरून घेऊन आलो. मी पेठेतला, घरचं जेवण जेवणारा. तो यवतमाळकडचा, कर्वेनगरला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन, राहणारा. वर्गात त्याच्या बोलण्याला हसायचे. मीही पहिले दोन महिने हसलो होतो, हे कबूल करतो. तो अल्बम काढून बँड फुटला होता आणि जगात थोडकेच लोक त्याच्या नावाने वेडे होते. त्या थोडक्यांत आपण आहोत याचा आम्हाला भयंकर माज होता.

नऊ गाणी. भरली बासष्ट मिनिटं, आणि कॅसेट साठची. दुकानदाराचा नियम असा की कुठलीही बाजू रिकामी सोडायची नाही, गिऱ्हाईक भांडतं. म्हणून तो गाणी मोजून हवी तशी मागेपुढे करायचा, जोडणी करायचा आणि उरलेलं कापायचा. आमच्या अल्बमचं शेवटचं गाणं नऊ मिनिटांचं होतं. ते त्याने पहिल्या बाजूच्या शेवटी टाकलं आणि टेप संपली तिथे तोडलं. मी तक्रार केली तर म्हणाला, "लांब गाणी शेवटपर्यंत कोण ऐकतं? तुम्ही ऐकता? मग अभ्यास कधी करता?"

त्यामुळे झालं असं, की अल्बमचा शेवट आमच्याकडे मधेच आला. ते नऊ मिनिटांचं गाणं म्हणजे एक माणूस घर सोडून जातोय आणि मागे कोणी उरलेलं नाही. वाद्यं एकेक करून गळत जातात. उरतो फक्त गाणारा. तो श्वास घेतो, आणि पुढचा शब्द यायच्या आत खट. टेप संपली. मग मित्र उठायचा, कॅसेट काढून उलटी करून लावायचा, आणि दुसऱ्या बाजूला सुरू व्हायचं ते अल्बमचं खरं पहिलं गाणं. सकाळचं, हलकं, शिट्टीने सुरू होणारं.

मूळ अल्बम सकाळी सुरू होऊन अंधारात संपतो. आमचा अंधारात अर्ध्यावर तुटायचा आणि मग सकाळ व्हायची. गाणी तीच, फक्त क्रम वेगळा, पण ऐकून झाल्यावर छातीत जे उरतं ते पार वेगळं.

त्याला तिसऱ्या वर्षी केटी लागल्या, म्हणजे विषय राहिले, एक नाही, चार. घरी सांगायची सोय नव्हती. ते सहा महिने तो वर्गात यायचा नाही, कॉटवर पडून असायचा. मी दुपारी डबा घेऊन जायचो तेव्हा हीच कॅसेट चालू असायची. एकदा मी वैतागून म्हणालो, "अरे, किती वेळा तेच रडगाणं?" तर छताकडे बघत म्हणाला, "रडता रडता मधातच उठा लागते बे, कॅसेट उलटी करायले. एकदा उठलं का मंग उठलंच माणूस." मी हसलो. मला ते वाक्य तेव्हा नुसतं मजेशीर वाटलं होतं.

तो सुटला त्यातून. चारही विषय निघाले. मला त्याच्या आधी नोकरी लागली, सॉफ्टवेअरमध्ये. ते दिवसच असे होते की ज्याला त्याला आयटीत घेत होते. गळ्यात ओळखपत्र अडकवून मी घरी जेवायला बसायचो, इतका शहाणा झालो होतो. परदेशी जाऊन आलेल्या एका सहकाऱ्याकडून मला त्या अल्बमची सीडी मिळाली. खरी, खऱ्या क्रमाची. ऐकली आणि मी हादरलोच. आपण चार वर्षं चुकीचं ऐकत होतो. बँडने इतका विचार करून रचलेल्या गोष्टीची बुधवार पेठेतल्या एका माणसाने कात्रीने वाट लावून ठेवली होती, आणि आम्ही तीच डोक्यावर घेऊन नाचत होतो. मला लाज वाटली.

त्याच सुमारास मित्र गावी गेला होता आणि कॅसेट माझ्याकडे ठेवून गेला होता. कंपनीत अमेरिकन उच्चारांचे धडे चालू होते. त्या धड्यांची एक टेप एका दिवसासाठी घरी मिळाली आणि मला कोरी कॅसेट सापडेना. मी आमची घेतली. तिच्या कडेच्या प्लास्टिकच्या दोन्ही पट्ट्या दुकानदाराने मोडून ठेवल्या होत्या, चुकून पुसली जाऊ नये म्हणून. त्या भोकांवर मी चिकटपट्टी लावली आणि दोन्ही बाजू भरून धडे उतरवून घेतले. चुकून नाही झालं काही. हाताने, नीट, चिकटपट्टी दाताने तोडून केलं.

तो आल्यावर त्याला सीडीची प्रत दिली. म्हटलं, "घे, आता खरं काय ते ऐक. ते भंगार मी पुसलं." त्याने सीडी उलटीसुलटी करून पाहिली. "बरं," म्हणाला. चार दिवस फिरकला नाही, मग आला, आणि तो विषय परत कधी काढला नाही. आम्ही मित्र राहिलो. त्याच्या लग्नात पंगतीला आग्रह करत मीच फिरलो.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. कंपनीतून मोटारसायकलवर येताना त्याला अपघात झाला. डोक्याला मार. सव्वा महिना हॉस्पिटलात, मग घरी, कर्वेनगरच्याच फ्लॅटमध्ये, खिडकीशी लावलेल्या पलंगावर. डोळे उघडे असत, भरवलं तर गिळायचा, पण कशाचीच ओळख नव्हती. डॉक्टर म्हणाले, आतपर्यंत काही पोचतंय असं दिसत नाही. वहिनींना एवढंच हवं होतं, की त्याने एकदा काहीतरी ओळखावं. "मला नाही ओळखलं तरी चालेल, भाऊजी," असं त्या म्हणायच्या. मला तिथे बसवत नसे आणि उठवतही नसे.

मी सीडी लावून बघितली, अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, तीन रविवार. काहीच नाही. चौथ्या आठवड्यात बसमध्ये लक्षात आलं की मी त्याला ऐकवतोय तो अल्बम माझा आहे, त्याचा नाहीच. दोन गाण्यांमधल्या शांततेत पुढचं गाणं आधी आपल्या आत सुरू होतं, ज्याने शंभरदा ऐकलंय त्याला हे माहीत असतं. त्याच्या आत वेगळंच गाणं सुरू होत असणार आणि मी समोर भलतंच वाजवत होतो.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मी आमचा जुना क्रम पुन्हा लावला. आठवत होता. ते लांब गाणं श्वासापाशी तोडलं. कॅसेट उलटायला लागेल तेवढी, बारा सेकंदांची शांतता टाकली. मग शिट्टीचं गाणं. ते सगळं एका कोऱ्या सीडीवर उतरवलं.

रविवारी दुपारी लावलं. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. वाद्यं गळत गेली, गाणाऱ्याने श्वास घेतला, आणि आवाज बंद झाला. त्याचा उजवा हात पलंगावरून उठला. उशाशी, जिथे कॉटवर असताना टेपरेकॉर्डर असायचा, तिथे गेला आणि हवेत चाचपडू लागला. वहिनींच्या हातातला टॉवेल खाली पडला. तेवढ्यात सीडीवर शिट्टी आपोआप सुरू झाली. हात थांबला, तसाच राहिला थोडा वेळ, मग खाली आला. वहिनी रडत होत्या आणि हसतही होत्या. मी पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. परत हात उठला नाही.

अकलेचा कांदा मी. मला वाटलं, त्याला उलटायला खरीखुरी कॅसेट हवी. दुसऱ्या दिवशी रजा टाकली. माळ्यावरून जुना टेपरेकॉर्डर काढला, ड्रॉवरमधून ती कॅसेट काढली आणि दोन्ही घेऊन त्याच्याकडे गेलो. तिच्या पाठीवर दुकानदाराच्या अक्षरातली नऊ गाणी अजून होती. सीडी लावली आणि गाणं श्वासापाशी तुटल्यावर ती बंद केली. या वेळी हात पुन्हा उठला, आणि त्या चाचपडणाऱ्या हातात मी कॅसेट दिली. त्याने ती बोटांनी ओळखली. हे मी शपथेवर सांगतो. अंगठा चिकटपट्टीवरून फिरला, थांबला, आणि मग त्याने ती उलटी केली, सावकाश, दोनदा हातातून निसटू देत, आणि धरून राहिला.

मी ती घेतली. टेपरेकॉर्डरमध्ये घातली. का घातली, ते आजही सांगता येणार नाही. वहिनी इतक्या आशेने बघत होत्या की माझा हात आपसूक पुढे गेला. बटण दाबलं.

एक बाई अमेरिकन उच्चारात म्हणाली, "वॉडर." मग आम्ही म्हणावं म्हणून थांबली. "बेडर." थांबली. "लेडर."

तो ऐकत होता. दोन-तीन शब्द त्याने ऐकले. मग त्याने मान वळवली, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून, आणि भिंतीकडे तोंड केलं.

"हे काय लागलंय?" वहिनींनी विचारलं. मी बंद केलं आणि त्यांना सगळं सांगितलं, चिकटपट्टीसकट.

"यांना ठाऊक होतं?"

"हो."

"मग हे काही बोलले नाहीत तुम्हाला?"

"नाही."

त्यांनी पलंगाच्या पलीकडे जाऊन त्याच्या तोंडाला आलेली लाळ पुसली. "तेव्हा बोलायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या, मला नाही, त्याला.