उमापूरचं पाणी

केजला राहणाऱ्या आमच्या मामांनी आयुष्यात कोणावरही विश्वास ठेवला असेल, पण पाण्यावर कधी ठेवला नाही. ते सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट होते. दुष्काळात ऊसच नाही म्हणून गाळप बंद पडलं आणि टँकरचं पाणी तपासायचं काम मामांकडे आलं. तेव्हापासून त्यांच्या खिशात पेनाच्या जागी काचेची नळी आणि औषधाची कुपी. नळीत पाणी घ्यायचं, कुपीतले थेंब टाकायचे. पिवळा रंग आला, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे, खुशाल प्या. नाही आला, तर मामा टँकरवाल्याकडे असे बघत की तो बिचारा स्वतःच क्लोरीनची पावडर आणायला पळे. नारायणगडच्या जत्रेत लोक दर्शनाच्या रांगेत, तर मामा पाणपोईच्या रांजणापाशी. मला मुलगी बघायला गेलो तेव्हा तर कमाल झाली. मुलीनं पाण्याचा ट्रे पुढे केला, तसा मामांनी पेला उचलून नळीत ओतला. सगळी बैठक श्वास रोखून बसली. पाणी छान पिवळं झालं आणि मामांनी जाहीर केलं, "पसंत हाय!" मी अजून मुलीचा चेहराही नीट पाहिला नव्हता. संसार बरा चालला आहे, तेव्हा तक्रार नाही.

घरात त्यांना एकच विरोधक होता, मामी. मामींचं माहेर उमापूर. तिथल्या विहिरीची गोडी सांगताना त्या हातातलं काम सोडून बसत. "तुमच्या पान्याला दवाखान्याचा वास येतो," म्हणायच्या. मामा म्हणायचे, "वास येतो म्हनून तर जित्ती हायस."

मग मामी आजारी पडल्या. पाणीसुद्धा नको म्हणू लागल्या. पेला तोंडाशी नेला की मान फिरवायच्या, "उमापूरचं द्या वो, घोटभर." पाणी पोटात गेलंच पाहिजे, असं डॉक्टर बजावत होते, आणि उमापूरची विहीर त्या वर्षी पार कोरडी पडली होती. मामांनी टँकरचं पाणी उकळलं, कारण उकळलं की क्लोरीन उडून जातं. माठात निववून त्यांनी नळीत थेंब टाकले. फिकट पिवळं. पुन्हा उकळलं. पिवळ्या रंगासाठी सगळ्या तालुक्याशी भांडलेला हा माणूस आता रंग येऊ नये म्हणून नळीकडे बघत होता. शेवटी एकदाचं पाणी नितळ राहिलं. मामींनी पेला संपवला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "हेच ते." पुढे त्या होत्या तोवर तेच पाणी पीत राहिल्या.

मामी जाऊन बरीच वर्षं झाली. आता दारात नळ आला आहे, मामा त्याचंही पाणी तपासतात. पण कोपऱ्यातला तो माठ अजून उकळलेल्या पाण्यानं भरलेला असतो. परवा गेलो तेव्हा मला त्यातलंच दिलं. "पी बे, उमापूरचं हाय."

मी प्यालो. मामींची आठवण आली. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"लई गोड हाय, मामा," मी म्हणालो.

त्यांनी स्वतःसाठी पेला भरला आणि खिशातली नळी न काढताच पिऊन टाकला.